अक्काला पाण्याचं भेव

बोटीतून पाण्यात पडल्याची माझी गोष्ट आमच्या मुक्ताईनगर भागात बऱ्याच जणांनी ऐकलीय. लग्नाच्या पंगतीत, भरिताच्या पार्टीत मी ती सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. लोक हसले की मी थांबतो — कारण त्याच्या पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज ते पुढचं सांगायचंय. पण सरळ मुद्द्यावर येण्याची मला सवय नाही, म्हणून बोटीपासूनच सुरू करतो. चालेल ना?

तापीवरच्या धरणाचं पाणी आमच्या केळीच्या बांधापर्यंत फुगून येतं. पाण्याच्या पलीकडे, अगदी समोर, शोभाचं सासर. शोभा म्हणजे अक्काची लेक, आणि अक्का माझी थोरली बहीण. ऐन तिशीत कपाळ पुसून माहेरी आली ती कायमचीच. शोभाला तिनं आमच्या घरात वाढवलं — आणि खरं सांगायचं तर मलाही. पलीकडच्या गावातला भोंगा आमच्या ओट्यावर ऐकू येतो. पण रस्त्यानं जायचं तर पुलाला वळसा, दोन एसट्या, आणि अक्काचे ते गुडघे. त्यात शोभाला मूल नाही. आमच्याकडची जुनी माणसं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घेत नाहीत, मुक्काम करत नाहीत. अक्का या बाबतीत तसूभर हलायची नाही. म्हणजे सकाळी जायचं, उपाशी बसायचं, दिवस मावळायच्या आत परत यायचं. एसटीनं हे वर्षातून कितीदा जमणार? बोटीनं रोज जमलं असतं.

हे घरात मीच मांडलं. हौस माझी, नाव अक्काचं. बायको म्हणाली, ज्या माणसाला पोहता येत नाही त्याला बोट कशाला? मी म्हणालो, अक्कासाठी. यावर कोण काय बोलणार?

मग वर्षभर मी बोटींचा तज्ज्ञ होऊन फिरलो. मोबाइलवर परदेशातले लोक तळ्यात गळ टाकून बसलेले बघायचे आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्यांचं ज्ञान माझं म्हणून वाटायचं. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, अ‍ॅल्युमिनियमची बोट चार माणसं उचलून ट्रॉलीत टाकतात. तळ टोकदार असला तर पळते, सपाट असला तर डुलत नाही. घरी रोज बैठक. मुलाला इंजिन हवं, बायकोला पाठ टेकायला जागा, मला जाळी ठेवायला कप्पा. शिवाय खताच्या गोण्या मावल्या पाहिजेत. नरडाण्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून शेवटी करून घेतली — रुंद, सपाट तळाची, आणि कडा मुद्दाम बुटक्या. वयस्कर माणसाला सहज पाय टाकता यावा म्हणून. हे मीच सांगून करून घेतलं होतं, बरं का. मला सगळं कळत होतं. निघताना तो म्हणाला, जडसं माणूस मधोमध, खाली तळावर बसवायचं, मग बोट जागची हलत नाही.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी नारळ फोडला. पहिला मान अक्काचा. मी बोटीत उभा — पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल — आणि मुलगा काठावरून फोटो काढत होता. अक्कानं कडेवर पाय ठेवला आणि नेमका त्याच वेळी मी फोटोत नीट यावं म्हणून तिच्याच बाजूला झुकलो. बोट कलली, मी पाण्यात. पाणी कमरेएवढं, पण मी अशी बोंब ठोकली की पलीकडची गुरं वर बघायला लागली असतील. अक्कानंच कॉलर धरून मला उभं केलं. काठावरून चुलतभाऊ म्हणाला, "अक्का, सोडून दे त्याले पान्यात. लहान हाय अजून."

इथपर्यंतची गोष्ट मी सांगतो. इथे लोक हसतात.

त्या दिवशीही हसले. हसू थांबेना. आणि ओल्या शर्टानं काठावर येत मी म्हणालो — अक्काचं वजन बोटीला झेपत नाही. बनवणाऱ्यानं बजावलंच होतं, जड माणूस घेऊ नका म्हणून.

बघता बघता सगळं हसू तिच्याकडे वळलं. मला तेच हवं होतं. अक्काही हसली. लुगड्याचा ओला काठ पिळत म्हणाली, "मंग मी आपली काठावरच बरी, बापा."

दुसऱ्या दिवशी शब्द मागे घेता आला असता. का नाही घेतला? अक्का बसली आणि बोट हलली नाही, तर तोल कुणामुळे गेला ते गावाला कळणार — म्हणून. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. निदान एखादं मोठं पाप तरी हाती लागावं — नाही लागलं.

मग त्याच बोटीतून मी खताच्या गोण्या नेल्या. अक्का काठावर दोर धरून उभी राहायची. गोण्यांकडे बघायची, मग माझ्याकडे. मी इंजिन सुरू करायचो.

मासे धरायला जायचो तेव्हा पलीकडे शोभाकडे चहा ठरलेला. त्याच सुमारास तिच्या पोटात गाठ निघाली. आधी जळगावच्या फेऱ्या झाल्या, मग त्याही थांबल्या. खाटेवर उशीला टेकून बसलेली असायची. एकदा म्हणाली, "मामा, आईला का नाही आणत बोटीत?" मी बशीत चहा ओतत होतो. जराही न अडखळता म्हणालो — तिला पाण्याची भीती वाटते, कितीदा सांगितलं, ऐकतच नाही.

अलीकडच्या काठावर एक खोटं, पलीकडच्या काठावर दुसरं. आणि मधे ये-जा करणारा मी एकटा. अशी सोय कुणाला मिळते?

पण फोन असतो ना घरात. एका सकाळी मी जेवत होतो, अक्का चुलीपुढे भाकरी थापत होती, फोन शेजारी स्पीकरवर ठेवलेला. शोभाचा आवाज पार बारीक झालेला. म्हणाली, "आई, डोळे मिटून बस ना बोटीत. मामा आहे सोबत. नको ना एवढी भिऊ."

अक्काचा हात भाकरीवर थांबला. म्हशीच्या शेपटीला धरून तापी ओलांडत लहानाची मोठी झालेली बाई ती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — नुसतं पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती फोनकडे वळून म्हणाली, "हाव, बाई. मले लय भेव वाटते पान्याचं. काय करू?"

भाकरी तव्यावर टाकली, फुगली, तशी काढून माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली. हे मला लिहिलंच पाहिजे — मी ती खाल्ली.

त्याच दुपारी "चल" म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण तो म्हणणं म्हणजे तिला कळलंय हे मला कळलंय, असं कबूल करणं. ती भांडेल, चार शिव्या देईल, म्हणून मी वाट बघत राहिलो. ती भांडली नाही. मी दोनदा भाड्याची गाडी करून तिला शोभाकडे नेलं, आणि दोन्ही वेळा उपकार केल्यासारखा पुढच्या सीटवर बसलो.

शोभा हिवाळ्यात गेली. सकाळी फोन आला. मी गाडी सांगायला निघालो तर अक्का म्हणाली, "बोट काढ."

गुडघाभर पाण्यात ती एकटी उतरली. बुटक्या कडेवर बसली, एकेक पाय उचलून आत घेतला आणि मधोमध तळावर जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. बोट डुलली नाही. सगळं पाणी पार होईपर्यंत ती पलीकडच्या गावाकडे बघत होती आणि मी तिच्या पाठीकडे.

तिची विहीण काठावर आली होती. गळ्यात पडून रडता रडता म्हणाली, "आता आली का, अक्का? पोरगी रोज पान्याकडं तोंड करून झोपे. म्हने, आईचं भेव काही जाईना. आज कसं नाही वाटलं तुले भेव?"

अक्कानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी दोन पावलांवर होतो. शोभा आत होती, अजून घरातच होती. मी बाभळीशी वाकलो आणि बोटीचा दोर बांधत राहिलो.