मामांना दिलेला सावधान

बागेतल्या व्यायामाच्या क्लासला मी वजन कमी करायला जाते, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. रोज एक तास मला घराबाहेर पडायचं होतं आणि त्या तासात कुणी मला हाक मारू नये, एवढंच हवं होतं.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, आमच्याकडे सुना तसंच म्हणतात. नवरा त्यांना आबा म्हणायचा. मामा सतरा वर्षं फौजेत काढून नाईकाच्या हुद्द्यावरून घरी आले होते. सासूबाई गेल्यावर त्यांना एकेक गोष्टीचा विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग जेवण झालं की नाही ते, मग मी कोण ते. पुढं पुढं तर खुर्चीत बसले की उठायचं कसं, हेच आठवेना. 'मामा, उठा, पाणी काढलंय आंघोळीला,' म्हणून मी घसा कोरडा करायचे आणि ते माझ्याकडं बघून गोड हसायचे. काखेत हात घालून उठवायला गेलं की अंग ढिलं सोडून द्यायचे. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, 'काहीही करा, पण यांना पायांवर ठेवा. एकदा अंथरुणाला खिळले की मग काही खरं नाही.' नवरा साखर कारखान्यात. तो आठच्या पाळीला गेला की मामा आणि मी, आम्ही दोघंच.

मी मूळची नागपंचमीच्या शिराळ्याची आणि राग कायम नाकावर. 'शिराळ्याची बाई हाय, नागाला भ्यायची न्हाई, ती मला भिईल व्हय?' असं नवरा पाहुण्यांत सांगायचा. पण त्या वर्षी माझा राग वेगळाच झाला होता. भात कालवता कालवता एकदम रडू यायचं आणि रडू आलं म्हणून परत राग यायचा. एकदा मामांच्या हातातली वाटी मी हिसकावून घेतली. त्यांनी रिकाम्या हाताकडं बघितलं आणि परत हसले. त्या दिवशी संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, 'आवं, सकाळचा एक तास तुमी बघा मामांकडं. मी बागेत त्या क्लासला जाणार हाय.' त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पहाटेचा गजर लावला.

कराडशेजारच्या आमच्या मलकापुरातल्या नगरपालिकेच्या बागेत पहाटे साडेपाचला बायकांची बॅच भरायची. शिकवणारे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार होते. त्यांना सर म्हटलेलं खपायचं नाही, उस्ताद म्हणायचं. पहिल्या दिवशी मला पाच मिनिटं उशीर झाला, तर शिक्षा अख्ख्या ओळीला. वीस बैठका. फौजेत याला रगडा म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं. शेजारची निवृत्त शिक्षिका बैठका मारता मारता माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी तिच्या पोटच्या पोरीला पळवून नेलंय. दुसऱ्या दिवसापासून मी सव्वापाचलाच हजर.

टायर ओढणं, बेडूकउड्या, एकमेकीला पाठीवर घेऊन पळणं, सगळं अंगावर यायचं. चार दिवस मला जिन्याच्या पायऱ्या उलट्या उतराव्या लागत होत्या. पण सुरुवातीचं सावधान मला मनापासून आवडायचं. टाचा जुळवायच्या, मुठी मांडीला लावायच्या, नजर समोर. मग डास चावो नाहीतर नाकावर घाम ओघळो, हलायचं नाही. उस्ताद ओळीसमोरून फिरत ओरडायचे, 'इश्राम म्हणंपतूर शरीर तुमचं न्हाई, माझं हाय!' बाकीच्या बायका गालातल्या गालात हसायच्या. मला मात्र तेवढी दोन मिनिटं फार बरं वाटायचं. काय करायचं ते दुसरं कुणीतरी ठरवतंय आणि मला फक्त उभं राहायचंय. इतका आराम मला वर्षभरात मिळाला नव्हता.

महिन्याभरानं उस्तादांनी आळीपाळीनं आम्हालाच हुकूम द्यायला लावलं. माझी पाळी आली तर घरी छप्पर उडवणारा माझा आवाज तिथं उंदरासारखा निघाला. उस्ताद म्हणाले, 'ताई, घरी मालकांवर वरडता तसं वरडा की. लाजताय काय?' सगळ्या हसल्या. मला लागलं ते. घरी जाऊन सराव करायचा, असं मी ठरवलं.

त्या दिवशी नवरा पाळीवर गेला होता. मामा मागच्या ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी परसात, कपडे धुण्याच्या फरशीजवळ उभी राहिले, भिंतीकडं तोंड केलं आणि पोटातून आवाज काढला, 'सावधान!' मागं चपलांचा आवाज झाला. वळून बघितलं तर मामा उभे. कुणाचाही हात न धरता. टाचा जुळलेल्या, मुठी लेंग्याच्या शिवणीला, हनुवटी वर. त्यांची मान इतकी सरळ मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. मी घाबरत घाबरत म्हणाले, 'दाहिने मुड.' ते वळले. 'तेज चल.' ते चालायला लागले, हात हलवत, थेट न्हाणीच्या दारापर्यंत. 'थम' म्हणायचं मला सुचलं म्हणून बरं, नाहीतर दारावरच आदळले असते.

मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडले. या वेळेला राग आला नाही.

तेव्हापासून आमच्या घराचं रूप पालटलं. सकाळी सावधान, तेज चल, आंघोळ. दुपारी सावधान, तेज चल, जेवण. मामांच्या पायांत बळ आलं, डॉक्टर म्हणाले, काय जादू केली? नवऱ्यानं एकदा करून बघितलं, पण तो मध्येच हसायचा, म्हणून मामा त्याचं ऐकायचे नाहीत. माझं ऐकायचे. बावीस वर्षं ज्यांच्यासमोर मी खुर्चीवर बसले नव्हते, ज्यांना 'व्हय मामा' याच्यापुढं कधी उत्तर दिलं नव्हतं, ते माझ्या शब्दावर उठत होते आणि बसत होते. मला ते आवडायला लागलं होतं. खोटं कशाला लिहू?

मी मोठ्या तोऱ्यात उस्तादांना हे सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी हातातला टायर भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाले, 'चांगलं हाय ताई. पन जपून. आमा फौजेतल्यास्नी ह्यो खेळ वाटत न्हाई.' मला त्यांचा रागच आला. कौतुक करायचं तर बाजूलाच, वर उपदेश.

पण हळूहळू मी खरंच खेळ करून टाकला. मामांना भटकायची खोड लागली होती. पायांत बळ आलं, तसे ते फाटक उघडून रस्त्यावर जायचे. एकदा हायवेच्या सर्व्हिस रोडपर्यंत पोचले होते. मग मी एक युक्ती काढली. गॅसवर दूध असलं, दारात कुणी आलं, की मामांना सावधान द्यायचा. ते जागचे हलायचे नाहीत. काम झालं की विश्राम. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. पाखरू पिंजऱ्यात ठेवावं तसं मी त्यांना त्या एका शब्दात ठेवून कामं उरकत होते. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

मे महिना होता. दहा वाजले असतील. मामांची आंघोळ झाली होती. त्यांना परसातल्या फरशीवर सावधान देऊन मी वाळलेला सदरा आणायला आत गेले, तेवढ्यात फोन वाजला. शिराळ्याहून भावजय. माझी आई तिच्याकडं असते. आईची गोळी दोन दिवस चुकली होती, हे तिच्या तोंडून निघालं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. म्हातारं माणूस सांभाळायचं म्हणजे काय, जीव लावून कसं करायचं, मी इथं मामांचं कसं करते, सगळं ऐकवलं तिला. ती रडली, तरी मी थांबले नाही. किती वेळ बोलले, ते नंतर मी फोनमध्ये बघितलं. एकेचाळीस मिनिटं.

आवाज आला तेव्हा मला वाटलं, बादली पडली.

मामा फरशीवर कुशीवर पडले होते. ऊन पार भिंतीपर्यंत आलं होतं. अंगातली बनियन घामानं चिंब आणि लेंगा ओला झाला होता. पडताना माणूस हात टेकतो. त्यांनी टेकला नव्हता. दोन्ही मुठी तशाच मांडीला लागलेल्या होत्या, गाल फुटून रक्त येत होतं. मी ओरडले, 'विश्राम! मामा, विश्राम!' तेव्हा कुठं त्यांनी हात सोडले आणि ते कण्हायला लागले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. कराडच्या दवाखान्यात नवरा धावत आला आणि त्यानं विचारलं, कसं झालं? मी म्हणाले, 'पाय घसरला. फरशी वली व्हती.' जिभेवर आपोआप आलं ते. डॉक्टर म्हणाले, 'हात कसा टेकला नाही यांनी? मनगटाला साधं खरचटलंसुद्धा नाही.' मी मामांच्या चपला पिशवीत घालायला लागले. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्यानं ब्लीचिंग पावडर टाकून ती फरशी तासभर घासली. शेवाळ काढत होता. मे महिन्यात कुठलं आलंय शेवाळ? मी दारात उभी राहून त्याला बघत होते आणि त्यानं मागितलं की पाण्याची बादली पुढं करत होते.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मामा जरा शुद्धीत होते, डोळे स्वच्छ होते. नवऱ्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि लहान पोराशी बोलावं तसं विचारलं, 'आबा, तोल जात व्हता तर हाक का न्हाई मारली? खाली तरी बसायचं.'

मामांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. तक्रार नव्हती त्या बघण्यात, मला तर ती हवी होती. ते म्हणाले, 'हुकूम न्हवता.'

नवरा तोंड फिरवून रडला. मी चादर सारखी केली, परत केली, आणि मग बाहेर येऊन जिन्यात बसले. नंतर मामा फारसं बोलले नाहीत. अंथरुणाला खिळले, छातीत कफ झाला आणि अठराव्या दिवशी गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसंच झालं.

क्लासला मी एकदाच परत गेले. ओळीत उभी राहिले, उस्तादांनी सावधान दिला आणि माझ्या टाचा जुळेनात. पाणी प्यायच्या निमित्तानं मी बाहेर पडले, ती परत गेले नाही.

दहाव्याला गावची माणसं आली, फौजेतले जुने सोबती आले. उस्तादही आले, पांढरा सदरा घालून. मी कपबशा फिरवत होते. नवरा मधोमध बसून सगळ्यांना सांगत होता. बापाच्या आजारात तो आतून पार खचला होता, पण हे सांगताना त्याची छाती भरून येत होती. 'शेवटपतूर जवान राहिला आमचा म्हातारा. लेकाचं नाव इसरला, पन फौज इसरला न्हाई. का बसला न्हाईस इचारलं तर काय म्हणाला ठावं हाय? हुकूम न्हवता!'

कुणीतरी च्च च्च केलं. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. 'धन्य माणूस,' कुणी म्हणालं. उस्तादांनी मान वर केली. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं नाही, हातात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. मग कप खाली ठेवला. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते बोलणार नव्हते, हे मला दिसत होतं. ते बोलले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांना गप्प करायला का स्वतः मोकळं व्हायला, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.

नवऱ्याला वाटलं, उस्तादांचा विश्वास बसला नाही. तो माझ्याकडं वळून म्हणाला, 'खोटं वाटतंय जणू त्येंला. तू व्हतीस की गं तिथं. सांग की, काय म्हणाले आबा.'

सगळे माझ्याकडं बघत होते. बापाबद्दल अभिमान वाटावा अशी एवढी एकच गोष्ट त्या वर्षातून माझ्या नवऱ्याच्या हाती उरली होती.

मी म्हणाले, 'व्हय. असंच म्हणाले.'