मोरीजवळ ट्रक गेला

चकवा, देवचार, झपाटलेलं झाड... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. इथले अनुभव वाचतो, पण खरं सांगायचं तर अर्धे मनातल्या मनात खोडून टाकतो. तुम्ही माझा खोडलात तरी तक्रार नाही.

मी चंदगड तालुक्यातला. आठवीत शाळा सोडली आणि कामासाठी गोव्यात उतरलो. गोवा राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. डिचोलीच्या एका वर्कशॉपमध्ये पुण्याकडचे एक साहेब फायबरच्या बॉडीची छोटी गाडी बनवत होते. मला झाडलोटीला घेतलं, पण अक्षर बरं दिसलं म्हणून टेस्टिंगला बसवलं. एवढा विश्वास माझ्यावर घरच्यांनीही टाकला नव्हता.

गाडी चालवायचे धारगळचे सगुणमामा. मी राहायचोही त्यांच्याच घरी. मामी रोज पेजेचा वाडगा पुढे सारायची, पोटच्या पोराला द्यावा तसा.

गाडी पळताना वारा तिला कुठे दाबतो, कुठे ओढतो हे मोजायचं होतं. बॉडीला सुईच्या नेढ्याएवढी चोवीस भोकं. प्रत्येकातून एक बारीक नळी आत, मागच्या सीटसमोरच्या फळीपर्यंत. फळीवर काचेच्या उभ्या नळ्या, त्यांत लाल पाणी. दाब बदलला की पाणी वर-खाली व्हायचं. मी नळ्यांवरचा चिमटा दाबून ते थांबवायचं आणि आकडे वहीत उतरवायचे. समोरून ट्रक गेला की उजव्या बाजूच्या नळ्या पुढून मागे एकेक करत उसळायच्या. ते रीडिंग बाद. पण कारण लिहिल्याशिवाय काही खोडायचं नाही, हा साहेबांचा नियम. म्हणून शेऱ्यात लिहायचं — 'ट्रक गेला'.

धारगळजवळ हायवेचा एक सरळ तुकडा होता. सकाळी वारा पडलेला असताना तिथे फेऱ्या. साहेब लांब एका टोकाला वारा मोजायचं चक्र घेऊन, नजर त्याच्या आकड्यांवर ठेवून उभे, गाडीत मी आणि मामा.

पहिल्या दिवशी, रस्त्याखालून ओहोळ जातो त्या पांढऱ्या मोरीपाशी उजव्या नळ्या उसळल्या. पुढून मागे, एकेक. मी मान वर केली.

"मामा, ट्रक गेला?"

"खंयचो ट्रक रे? रस्तो मोकळो आसा."

"पाणी उसळलं."

"साहेबाक सांगलें जाल्यार तो म्हणटलो, घाट्यान नळयो उरफाट्यो लायल्यो!" मामा खदखदून हसले.

नळ्या मीच जोडल्या होत्या. उतरून सगळ्या तपासल्या — एकही चुकली नव्हती. पण साहेबांना काय सांगणार? आठवी नापास पोरगा, चूक माझीच ठरणार... मी शेऱ्यात लिहिलं, 'मोरीजवळ ट्रक गेला'.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच मोरी. पुन्हा तेच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी आधी गाडीच्या नाकावरच्या नळ्या उसळल्या. एवढ्या, की लाल पाणी काचेबाहेर येऊन वहीवर सांडलं. समोर काजूची झाडं आणि रिकामा डांबरी रस्ता. ओल्या कागदावर मी तिसऱ्यांदा ट्रक लिहिला.

चौथ्या दिवशी मी पोट दुखतंय असं सांगून रस्त्याकडेला बसलो.

"भियेलो मरे तूं," मामा म्हणाले. मग डोक्यावर टपली मारली. "बस हांगा. हांव इंजिन तापोवन येतां."

ट्रक मोरीपाशी आला. खराखुरा. समोरून, आमच्या बाजूला घुसून. आवाज आम्ही दोघांनी ऐकला, साहेबांनी आणि मी. धावत पोचलो तेव्हा मामा गेले होते.

नंतर साहेबांनी वही उघडली. त्या तीन शेऱ्यांवरून बोट फिरवलं.

"रोज याच वेळी इथे ट्रक येत होता. सगुणला माहीत होतं. तरी वेग कमी केला नाही त्याने." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी वही नसती तर कळलंच नसतं रे."

चौकशीतही तेच ठरलं, गावातही तेच बोललं गेलं. चूक सगुणची. मी तोंड उघडलं नाही. त्याच महिन्यात साहेबांनी मला कायम केलं... आणि मी त्यांच्या पाया पडलो.

एकदा जरी 'रस्ता मोकळा, तरी पाणी उसळलं' असं लिहिलं असतं, तर साहेबांनी काम थांबवून सगळं उलगडून बघितलं असतं. तसाच माणूस होता तो.

गेल्या वर्षी धारगळला उतरलो. हायवे रुंद झालाय, मोरी राहिली नाही. मामी दारातच होती.

"आयलो रे पुता? भितर यो. उंडो आनी च्या दितां."

चहा पिताना तिने मामांविषयी हळूच विचारलं, "तांकां खबर आशिल्ली मरे, थंय ट्रक येता म्हूण? मागीर गाडी कित्याक धांवडायली?"

मी तो पावासारखा उंडा चहात बुडवत राहिलो.

ते पाणी कशाने उसळलं, मला आजही माहीत नाही. गाड्यांवर काम करण्यात जन्म गेला, शिकलेल्यांना विचारून झालं, कोणी सांगू शकलं नाही. पण तिन्ही सकाळी रस्ता मोकळा होता, मामी. मामांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं.