पाठमोरी नायिका

आपल्या लाडक्या व्यक्तीचं चित्र तुम्ही फक्त पाठीमागून काढाल का? माझ्या मामेबहिणीने, मुक्ताने, काढलंय. आवडत्या व्हिडिओ गेमवर तिने स्वतः कॉमिक रचलंय, आणि पानामागून पान त्यातली नायिका पाठमोरीच.

"ही रुसून माहेरी निघालीय का गं?" मी विचारलं.

"ताई, गेममध्ये आपण तिच्या मागूनच चालतो. तिची वेणी मी डोळे मिटून काढीन!"

वेणी सुरेखच होती. पण ती गेमच्या चित्रकारांची होती, मुक्ताने फक्त उतरवलेली. शेवटच्या पानावर मात्र नायिका वळते. गेममध्ये तिचा चेहरा दिसतच नाही, त्यामुळे तिथे बघून काढायला काही नव्हतं. एक डोळा लहान, हनुवटी वाकडी आणि ओठांवर दमलेलं हसू. थेट आमच्या मामीचं, म्हणजे मुक्ताच्या आईचं.

"हे पान फसलंय. फाडते," मुक्ता म्हणाली.

मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. दुसऱ्याच्या नजरेने बघायची इतकी सवय लागते, की स्वतःची नजर कागदावर उतरली तर ती चूक वाटते. ती चूक आहे, हे मला मुळीच मान्य नाही.

तुम्हालाही कुणी असं कॉमिक दाखवलं, तर त्यातलं सगळ्यात वाकडं चित्र शोधा आणि ते फाडू देऊ नका.