मी पडतो, तुम्ही साखर आणा!

दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून केस पांढरे झाले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. धोतराला कुसळं चिकटावीत तसे आपोआप चिकटतात. निम्मे हसण्यासारखे असतात. उरलेले हसूनच सांगावे लागतात.

शाळा सातवीत सुटली, तरी आमच्या तासगावच्या दवाखान्यात स्टाफच्या ट्रेनिंगला पेशंट मीच! शुगर उतरलेल्याचं सोंग माझ्याएवढं कुणाला जमत नाही.

* * *

हे ट्रेनिंग सुरू झालं आनंदा नावाच्या पेशंटमुळं. पलूसचा ट्रॅक्टर ड्रायव्हर, शुगरची गोळी चालू. घामानं भिजलेला, झोकांड्या खात, बरळत आला. शोभा सिस्टर म्हणाल्या, "पिऊन आलाय. बाकावर बसवा."

बायको सुमन ओरडत होती, "आवं, ह्यांनी कवा शिवली न्हाई!"

वॉचमन रज्जाक म्हणाला, "समद्यांच्या बायका असंच म्हणत्यात!"

शुगर कुणी तपासलीच नाही. आनंदा बाकावरच गेला. पुढं दवाखान्यानं सुमनला मावशी म्हणून कामाला घेतलं. तो बाक आता तीच पुसते. शोभा सिस्टर तिकडून जातच नाहीत.

* * *

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी बेशुद्धाचं सोंग घेऊन पडलो. रज्जाकनं सरळ साखरपाणी माझ्या तोंडात ओतलं! डॉक्टर मॅडम किंचाळल्या, "बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही! ठसका लागून मरेल! शिरेतून ग्लुकोज!"

मी डोळे मिटूनच म्हणालो, "मॅडम, मेलोच हाय, पण चव चांगली हुती."

संध्याकाळपर्यंत मिशीला मुंग्या!

* * *

वॉर्डात इमर्जन्सीसाठी साखरेचा डबा ठेवला. आठवड्यात रिकामा! सगळ्यांच्या चहात गेला होता. मॅडमनी नवीन डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये घालून मीटिंगला सांगलीला गेल्या.

मी फोन लावला, "मॅडम, पेशंटला सांगलीला पाठवू का साखर खायला?"

* * *

जतच्या एका म्हाताऱ्याची शुगर खरंच उतरली. सिस्टर साखरपाणी घेऊन पळाल्या, तर त्याची म्हातारी आडवी आली! "वरीसभर मी ह्यांच्या तोंडाला गूळ लावू दिला न्हाई, आन तू साखर पाजतीस? मारायला आणलाय व्हय गं?"

म्हातारा वाचला. शुद्धीवर येताच म्हणाला, "आजून वाईच दे की!"

* * *

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी सोंगातली नर्स व्हायची पाळी शोभा सिस्टरांची. मॅडमनी विचारलं, "नातेवाईक कोण होणार?"

सुमननं हातातलं फडकं ठेवलं आणि माझ्या उशाशी येऊन बसली.

सिस्टरांनी सगळं बरोबर केलं. बोट टोचल्यासारखं केलं. मला गिळता येतंय का विचारलं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली.

"छान!" मॅडम म्हणाल्या. "पंधरा मिनिटं थांबून परत शुगर तपासायची. आता झाली असं धरा. उठा मामा!"

मी उठायला लागलो, तर सुमननं छातीवर हात ठेवला. "पडून रावा. झाली न्हाईत आजून."

"अगं, ही नुसती प्रॅक्टिस आहे," मॅडम म्हणाल्या.

"व्हय. थांबू की."

बाहेर चहा आल्याची हाक आली. कुणी हललं नाही. मीसुद्धा तसाच पडून राहिलो.

पंधरा मिनिटं भरल्यावर सिस्टरांनी माझ्या बोटाला खरीच सुई टोचली. मशीनकडं बघत म्हणाल्या, "बरी आली शुगर."

सुमननं पदर सावरला.

"मग ह्यांना आता घरी न्यायचं न्हवं, सिस्टर?"