आठ दिवसांचा फ्रान्स

सातपूरला आमच्या कारखान्याबाहेर एका मावशींची चहाची टपरी आहे. तिथं रोज एक गृहस्थ यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, विचारावंसं वाटलंही नाही. कंपनीनं त्यांना आठ दिवस फ्रान्सला पाठवलं होतं आणि तेवढ्यात अख्खा देश त्यांना कळला होता. फ्रेंच माणूस अंघोळ करत नाही, नुसता सेंट मारतो, हे ते तिथूनच आणलेल्या सेंटच्या घमघमाटात आम्हाला सांगत. चहा हवा असला की मावशींकडे न बघता दोन बोटांनी फळी वाजवत.

परवा म्हणाले, "लय माजोरडे लोक. पाव घ्यायला दुकानात गेलो, नुसती दोन बोटं दाखवली. तर बाई म्हणते, आधी नमस्कार करा. बोला आता."

"मग केला का?" मावशींनी विचारलं.

"करतो काय, भूक लागली होती."

एवढं बोलून त्यांनी फळी वाजवली. मावशींनी भरलेला ग्लास हातातच धरून ठेवला.

"आधी नमस्कार," त्या म्हणाल्या.

त्या गृहस्थांच्या आधी मीच घाईनं हात जोडले. इतकी वर्षं मीही फळीच वाजवत आलो होतो.