लायडनचा पाव सिहोऱ्यात

३ ऑक्टोबर २०२४, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. ॲमस्टरडॅमच्या हॉटेलसमोर उभ्या बसमध्ये आमच्या टूर कंपनीच्या मॅनेजरनं माइकवर गोड आवाजात जाहीर केलं, "आज लायडन रद्द. त्याऐवजी चीज फॅक्टरी आणि शॉपिंग!" टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"छापील कार्यक्रमात लायडन आहे. मी भंडाऱ्याहून त्याच्यासाठीच आले."

"मॅडम, तिथं पाहायला आहे काय?"

काय आहे, ते कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरनी सांगितलं होतं. धर्मावरून युरोप पेटला होता, तेव्हा कॅथलिक स्पेनच्या सैन्यानं या प्रोटेस्टंट गावाला वेढा घातला. लोक भुकेनं मरू लागले. शेवटी त्यांच्याच माणसांनी पाणी अडवणारे बांध फोडले, शेतं बुडवली आणि त्या पाण्यावरून पाव आणि मासे घेऊन नावा आल्या. तो दिवस ३ ऑक्टोबर १५७४. अजूनही त्या तारखेला तिथं पाव आणि हेरिंग मासा वाटतात. सिस्टर स्वतः कॅथलिक, पण हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. तेव्हापासून मला ते गाव पाहायचं होतं.

"शांते, उतर," मी म्हटलं. शांता माझी धाकटी जाऊ, गावी सिहोऱ्यात धान पिकवते.

"बाई, बस गेली तं?"

"जाऊ दे. संध्याकाळी याच हॉटेलात येईल."

रेल्वेनं पाऊण तासही लागत नाही; तिकीट दहा-बारा युरो. वाटेत मी शांताला वेढ्याची गोष्ट सांगितली. स्टेशनपासून चालत जा, पण सणाच्या दिवशी लवकर पोचा, रस्ते फुललेले असतात. पाव वाटत होते तिथं आम्ही सरळ रांगेत लागलो. प्रसादाला कोणी ओळख विचारतं का? इथं विचारतात! नाव आधी नोंदवलेल्या गावकऱ्यांनाच पाव मिळतो. आम्हाला बाजूला काढलं.

रांगेत आमच्या मागे असलेल्या डच आजीबाई इंग्रजीत विचारू लागल्या, कुठून आलात? मी बोलत असताना शांतानं माझा हात ओढला.

"बाई, पाळ आपल्याच लोकायनं फोडली म्हनता. मंग ज्यायचे वावर बुडले, त्यायले काय भेटलं?"

"ते सिस्टरनी सांगितलं नव्हतं."

"मंग पयला पाव त्यायलेच द्या लागत होता. विचारा ना यायले!"

मी विचारलं. आजीबाई शांताकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माझं माहेर शेतकऱ्याचं. घरात हे कुणी विचारलं नव्हतं." स्वतःचा पाव आणि मासे घेऊन आल्या आणि सगळं शांताच्या हातात ठेवलं.

आणि त्या दिवशी घटस्थापना! शांताचा नऊ दिवसांचा उपास. भुकेच्या सुटकेचा पाव हातात आणि ही पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू खाते! मासे मी खाल्ले. कच्चे, वर कांदा. वैनगंगेच्या माशांची सर नाही, पण आवडले.

पाव तिनं धुतल्या पातळात गुंडाळून आणला. दसऱ्याला सिहोऱ्यात उपास सोडला तो त्यानंच. दगड झाला होता. चहात बुडवून घरादाराला वाटला. पहिला तुकडा बांधाखालच्या शेजाऱ्याला, तलाव फुटला की ज्याचं वावर आधी बुडतं त्याला.

सिस्टरचे आभार, आजीबाईंचे आभार, शांताचे तर फारच. मॅनेजरसाहेब, तुमचेही, लायडन रद्द केलंत म्हणूनच बसमधून उतरले आणि रांगेत आजीबाई भेटल्या. पण आभार वेगळे आणि जाब वेगळा. पैसे परत नकोत. लायडनला पाहायला काय आहे ते वर लिहिलं आहे. ते कार्यक्रमातून का काढलं आणि पुढच्या गटाला दाखवणार की नाही, याचं लेखी उत्तर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पाचच्या आत माझ्या भंडाऱ्याच्या पत्त्यावर पोचलं पाहिजे.