मांजरपावलीचा खेळ

तिला घरात मांजरपावली म्हणायचे, आणि कौतुकानं म्हणायचे हो! पोर कुठून आली, कुठं गेली, पत्ता लागायचा नाही. भांडं वाजायचं नाही, दार आपटायचं नाही. पाहुणे म्हणायचे, "काय वळण लावलंय मुलांना!" आणि मग वडिलांकडे बघत पुढचं वाक्य ठरलेलं, "यांचा दराराच तसा आहे." दरारा म्हणजे जणू घरातलं नवं कपाट, आल्यागेल्याला दाखवायचं. त्या दराऱ्याखाली ज्यांना जेवावं लागतं, झोपावं लागतं, त्यांना कोण विचारतो?

वडील मारायचे का? छे! कधी बोटसुद्धा लावलं नाही. ओरडायचे? तेही नाही. संध्याकाळी कामावरून यायचे, किल्ल्या ठेवायचे आणि दारातल्या स्टुलावर बसून बूट काढायचे. एक बूट खाली पडला आणि पाठोपाठ दुसरा पडला, की समजायचं आज सगळं ठीक. एक पडला आणि दुसरा पडेचना, की आईचा हात होता तिथं थांबायचा. म्हणजे काहीतरी बिनसलंय. काय, ते कधीच सांगायचे नाहीत. मग दिवसचे दिवस अबोला, आणि चूक नक्की कोणाची हे ज्यानं त्यानं आपापल्या मनाशी हुडकत बसायचं. थोरला भाऊ आधीच रचलेल्या वह्या पुन्हा रचायचा. ही टाचा उचलून चालायची. घरात हूं नाही की चूं नाही, आणि लोक म्हणायचे, किती शांत घर आहे!

तर ही मांजरपावली मोठी झाली आणि पोटापाण्यासाठी धरलं काय, तर आवाजाचं काम. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती आवाज तयार करते. कंपनी म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. एकीत संगणक, वायरींचं जंजाळ आणि कायम कोणाचा तरी डबा उघडा. दुसरीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. त्या खोलीत ही दार लावून बसते आणि कधी ओला टॉवेल पिळते, कधी काकडी मोडते. पडद्यावर कोणाचं तरी हाड मोडतं आणि खेळणारे ओरडतात. ही नंतर तीच काकडी मीठ लावून खाते.

भुताखेतांचे गेम तिनं पुष्कळ केले. सगळ्यांची रीत एकच. अंधारा बोळ, जरा शांतता, आणि मग कानाचे पडदे फाटतील अशी किंकाळी मारून काहीतरी अंगावर येतं. तिला त्याचा वीट आला होता. "दचकवायला काय अक्कल लागते?" असं ती तोंडावर म्हणायची. "पाठीमागं फुगा फोडला तर पहिलवानसुद्धा उडेल. त्याला काय भीती म्हणतात? दचकलेला माणूस पुढच्या क्षणी हसतो. भ्यालेला हसत नाही."

एकदा साहेब म्हणाले, "मग तूच करून दाखव." साहेब म्हणजे तरी कोण, तर हिच्याहून लहान, अर्ध्या चड्डीत कामाला येणारा मुलगा. पण पगार तोच देतो म्हणून साहेब. मनाचा वाईट नाही.

तिनं केला. घर एक, साधं. खेळणारा म्हणजे त्या घरातलं लेकरू. संध्याकाळ होत आलीय, आणि कोणीतरी घरी यायचं आहे. तोवर आवरायचं. नळ बंद करायचा, खुर्च्या सरळ करायच्या, चपला ओळीत लावायच्या. मग फाटक वाजतं, किल्ल्या वाजतात, एक बूट खाली पडतो, आणि खेळणाऱ्यानं दुसऱ्या बुटाची वाट बघायची. येणारा माणूस कधीच दिसत नाही. शेजारच्या खोलीत त्याच्या असण्याचा आवाज तेवढा येतो. मध्येच तो एखादी खुर्ची जराशी सरकवतो, म्हणजे ती तुम्ही वाकडी ठेवलेली असते. बस्स, एवढंच. त्या एका बुटासाठी तिनं बाजारातले किती जुने जोड आणून आपटले असतील, तिचं तिलाच ठाऊक.

कंपनीत चित्रं काढणारी बाई पहिल्यांदा खेळायला बसली. दुसऱ्या बुटापाशी आल्यावर तिनं हात मागं घेतला. "मला नाही जायचं पुढं," ती म्हणाली.

"अगं, पुढं काही नाहीच."

"म्हणूनच नाही जायचं," ती बाई म्हणाली आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

साहेबांनाही खेळ आवडला, पण साहेब पडले साहेब. "झकास झालाय. फक्त शेवटी एक दार उघडू दे आणि किंकाळी. लोक खेळताना स्वतःचे व्हिडिओ काढतात, त्यात ओरडायला काहीतरी पाहिजे ना! नुसता बूट काय दाखवणार?"

"किंकाळी नाही," ही म्हणाली.

"अगं, एका क्षणाची तर बाब!"

"त्या एका क्षणात सगळं खोटं होईल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग जरा आवाज चढवून म्हणाले, "सोमवारपर्यंत विचार कर. किंकाळी घालणार असशील तर कंपनी गेम बाजारात आणेल. नसशील तर तुझा खेळ तू घेऊन जा, पण मग नोकरीचंही बघ तुझं तू. हट्टी माणसं सांभाळायला मी काय पाळणाघर काढलंय?"

ही नोकरी तिला गमवायची नव्हती. गाद्यांची ती खोली तिला घरापेक्षा जवळची होती. ती विचारात पडली, नाही असं नाही.

शनिवारी भाऊ तिच्या घरी आला. त्याला तिनं साहेबांची अट सांगितली आणि खेळ दाखवला. किल्ल्या वाजल्या मात्र, त्यानं लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं.

"लाज नाही वाटत? बाबांना चव्हाट्यावर मांडलंस?"

"यात बाबा कुठं आहेत, दादा? माणूस दिसतच नाही."

"मला शिकवू नकोस. कोणाला कळत नाही का?"

"तुला कसं कळलं, ते सांग ना आधी."

दादानं झाकणावरचा हात काढला. मग मवाळ होत म्हणाला, "अगं, घरोघरी मातीच्या चुली. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझा तो साहेब म्हणतोय ना शेवटी भूत घाल, तर घाल की! भूत निघालं म्हणजे मिटलं. मग कोणी म्हणणार नाही की हे आपलं घर आहे."

आणि तिथं मांजरपावलीचं डोकं सणकलं. म्हणजे साहेबांना भूत हवं खपावं म्हणून, आणि याला हवं झाकावं म्हणून! एकदा भूत बाहेर आलं की सगळे ओरडणार, हसणार, घाम पुसणार आणि म्हणणार, हात्तिच्या, भूत होतं होय! आणि ती दुसऱ्या बुटाची वाट बघणारी पोरं? ती गेली वाऱ्यावर.

"उद्या मी हा खेळ बाबांना दाखवणार आहे," ती म्हणाली.

"वेड लागलंय तुला."

"लागू दे. तू पण ये."

रविवारी दुपारी आईबाबांकडे जेवणं झाली आणि तिनं जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. वडील आता थकलेत, निवृत्त झालेत, पण खुर्चीत बसले की अजून बाकीचे आपोआप सावरून बसतात. "लेकीनं केलाय, बघू तरी," म्हणत त्यांनी चष्मा लावला. दादा भिंतीला टेकून उभा होता, पाचावर धारण बसलेली. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत थांबली. ही वडिलांच्या शेजारीच बसली.

वडील खेळले, आणि छान खेळले! नळ बंद केला, चपला लावल्या, खुर्च्या अशा सरळ केल्या की बोट ठेवायला जागा नाही. "घर नीटनेटकं दाखवलंयस," म्हणाले. मग फाटक वाजलं. किल्ल्या. एक बूट.

वडिलांचं बोट तसंच राहिलं. "दुसरा का टाकत नाही हा?" त्यांनी विचारलं. ते तसेच पडद्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं दुसरा बूट पडला, पावलं शेजारच्या खोलीत गेली, आणि खेळ संपला.

"संपला?" वडील म्हणाले. "छे, छे. शेवटी काहीतरी निघायला पाहिजे. भूतबित. नाहीतर हे लेकरू घाबरतंय कोणाला?"

दादानं तिच्याकडे बघून जोरजोरात मान हलवली, बोलू नकोस म्हणून.

"तुम्हाला, बाबा," ती म्हणाली.

शब्द गेला तो गेला. वडिलांनी तिच्याकडे बघितलं. चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि काही न बोलता आतल्या खोलीत निघून गेले. दार हलकेच लागलं.

"झालं समाधान?" दादा कुजबुजला. "आता बसा महिनाभर." बोलता बोलता त्यानं वडिलांची खुर्ची टेबलाखाली सरळ सारली, चष्मा कडेला समांतर ठेवला. मांजरपावलीला तर रडूच आलं. कशाला आपण हे उकरून काढलं, म्हाताऱ्या माणसाला का दुखावलं, असं वाटून तिचे डोळे भरले.

"राहू दे रे ती खुर्ची," आई म्हणाली.

आईनं ती खुर्ची पुन्हा ओढली. चांगली करकरली ती फरशीवर. आई वडिलांच्या जागेवर बसली. "कोणतं बटण दाबायचं गं?"

हिनं नाक पुसत दाखवलं. आई खेळायला लागली आणि खेळता खेळता म्हणाली, "दादा सांगत होता, तुझा साहेब यात किंकाळी घाल म्हणतोय."

"हो. नाहीतर नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तर. हातात कसब आहे तुझ्या." आईनं खेळातला नळ तसाच वाहता ठेवला आणि पुढच्या खोलीत गेली. "सांग त्याला, या घरात किंकाळी मारायची सोय असती, तर भ्यायचं कशाला होतं?"

मांजरपावलीनं फोन काढला आणि तिथंच बसून साहेबांना लिहिलं, "किंकाळी घालणार नाही. खेळ मी घेऊन जाते, आहे तसा." दादा बघत होता. त्यानं अडवलं नाही.

तेवढ्यात आतून वडिलांची हाक आली, "अगं, पाणी आण जरा."

दादा सवयीनं ताडकन निघाला. आईनं हात धरून त्याला खाली बसवलं.

"घ्या तुम्हीच," ती पडद्यावरची नजर न काढता मोठ्यानं म्हणाली. "मी खेळतेय."